देव टाकले, पुढे काय?

सध्या पांढरपेशा माणसाला एक नवं दुखणं जडलं आहे. त्याच्या जगण्यातला अर्थ हरवला आहे म्हणे! पगार आहे, फ्लॅट आहे, पोरगा परदेशात आहे, पण अर्थ नाही. मग हा गृहस्थ अर्थ शोधायला निघतो. जाडजूड पुस्तकं घेतो. डोंगरावर जाऊन दहा दिवस तोंड बंद ठेवतो. मोबाईल सांगेल तसा श्वास मोजतो. त्याला बुद्धसुद्धा चालतो. फक्त तो नागपूरमार्गे आलेला नको, थेट हवा.

त्याचे विचारवंत त्याला कारणही पुरवतात. देव मेला, श्रद्धा आटली, विज्ञान आलं आणि माणूस आतून पोकळ झाला. नीत्शे नावाच्या जर्मन माणसाने १८८२ सालीच हे लिहून ठेवलं. भर दिवसा कंदील घेऊन बाजारात देवाला शोधणारा एक वेडा त्याने उभा केला. आता आकडेही आलेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत २५.२ टक्के लोकांनी आपल्याला धर्म नाही असं लिहिलं. २०२१ साली ते ३७.२ टक्के झाले आणि ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याच्या खाली, ४६.२ टक्क्यांवर आले. तिकडे देवाचा हिशोब मिटत चालला आहे, आणि त्याच्या सावलीत वाढलेली माणसं विचारतायत, आता जगायचं कशासाठी?

आपल्याकडे तसं झालेलं नाही, हे खरं. देवळांपुढच्या रांगा लांबतच आहेत. पण त्या रांगेतला माणूस नीट बघा. त्याचं रोजचं जगणं देवाला विचारून चालत नाही. ते चालतं कंपनीच्या टार्गेटवर, बँकेच्या हप्त्यावर, लोकलच्या टाईमटेबलावर. देव उरलाय सुट्टीच्या दिवसापुरता आणि निवडणुकीपुरता. शहर देवाशिवाय चालतंय. लाऊडस्पीकर तेवढा वाढलाय.

मी गोदीत माल उतरवतो. दहावी पास आहे. कविता लिहितो. मला या दुखण्याशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. देणंघेणं आहे. कारण हे दुखणं आता आपल्याही पोरांना लागलंय, आणि औषध मात्र ती त्यांच्याच दुकानातून आणतायत.

दोस्तांनो, देव गेला म्हणून अर्थ गेला, हे ज्याच्या घरात देव होता त्याने बोलावं. त्याचं घर रिकामं होणारच. आपल्याला तर देवळाच्या पायरीवरही जागा नव्हती.

पण म्हणून आपल्या बापजाद्यांच्या जगण्याला अर्थ नव्हता असं कुणी समजू नये. अर्थ होता. पोत्यांनी होता. तू महार का जन्मलास? गेल्या जन्मी पाप केलंस म्हणून. पेशवाईत तुझ्या गळ्यात मडकं का? तुझी थुंकी रस्ता विटाळते म्हणून. मेलेलं ढोर तूच का ओढायचं? तो तुझा धर्म म्हणून. गुमान ओढ, पुढचा जन्म बरा मिळेल. बघा, एकसुद्धा प्रश्न शिल्लक नाही! जन्माला अर्थ, उपासाला अर्थ, लाथेलाही अर्थ. इतका भरगच्च अर्थ कुठल्या कवीला मिळालाय? 'जीवन अर्थशून्य आहे' असं लिहिणाऱ्याने एकदा हा अर्थ अंगावर घालून बघावा.

म्हणून त्यांची आणि आपली गोष्ट एक नाही. त्यांची शोकांतिका अर्थ हरवण्यात आहे. आपली माणूसकी अर्थ फेकून देण्यापासून सुरू झाली.

तो एकदम फेकता आला नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेच पाणी नंतर शेणमुताने शुद्ध करण्यात आलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात माणसं बसली. देव दिसावा म्हणून नव्हे. आपण माणूस आहोत हे वदवून घ्यायला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा झाली, की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं तो माणूस वाचत होता, जोखत होता, धर्म हातात घेऊन नाण्यासारखा वाजवून बघत होता. मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. लाखो माणसं उभी राहिली आणि एका दिवशी देवांना रजा दिली.

माझ्या पणजीने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून ओढ्यात सोडले. तिला अक्षरओळख नव्हती. घरात ती गोष्ट अजून सांगतात. खंडोबा गेला, मरीआई गेली. पणजीच्या पायाखालची जमीन सरकली नाही. तिला पोकळी वाटली नाही. ती परत आली, कोनाडा शेणाने सारवून घेतला आणि पोराला शाळेत घालायची पाटी त्यात ठेवली. युरोपच्या तत्त्वज्ञाने ज्या गोष्टीला घाबरून डोकं धरलं, ती गोष्ट आमच्या म्हातारीने दुपारच्या भाकरीआधी उरकली!

आणि हे फायद्यासाठी नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला झाले २७ लाख ८९ हजार. या माणसांना ठाऊक होतं की 'बौद्ध' लिहिलं की केंद्राच्या सवलती जातात. राज्याने १९६० नंतर आपल्यापुरत्या दिल्या; दिल्लीने दिल्या १९९० ला. चौतीस वर्षं! दोन पिढ्यांनी नोकऱ्यांवर पाणी सोडलं आणि एक शब्द लिहिला. पोटाला चिमटा घेऊन लिहिलेल्या त्या शब्दात अर्थ नव्हता असं कुणी म्हणावं?

मग आज काय बिघडलं? आपलं पोरगं इंजिनिअर होतं, भाड्याच्या खोलीत राहतं, रात्री दोनपर्यंत मोबाईल चाळतं आणि म्हणतं, यार, कशातच काही अर्थ नाही. कुठून आलं हे?

मला वाटतं, आपण अर्ध्यावर थांबलो. बावीस प्रतिज्ञा काढून वाचा. पहिल्या आठ बहुतेक नकाराच्या आहेत. हे देव मानणार नाही, अवतार मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून विधी करणार नाही. नवव्यापासून वारं बदलतं. सगळी माणसं समान मानीन. समता आणायला झटेन. मग करुणा, शील, प्रज्ञा. आपण पहिल्या आठ तोंडपाठ केल्या आणि पुढच्या चौदा फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगल्या. नकार आपल्याला जमला, कारण नकाराला समोर शत्रू असतो. होकाराला शेजारी माणूस लागतो. तो आपल्याला जड जातोय.

म्हणून आपल्यात दोन जाती तयार झाल्यात. (हो, जातीच म्हणतो.)

एक 'मी काहीच मानत नाही'वाला. हा सडेतोड. विहारात गेलेल्या म्हाताऱ्यांना हसतो. वंदना म्हणजे पोपटपंची, मेणबत्ती म्हणजे अंधश्रद्धा. ठीक आहे, तर्काला माझी हरकत नाही. तर्कासाठी दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या झेलल्या. पण भडव्या, ती म्हातारी दर पौर्णिमेला चार बायांना एकत्र तरी आणते. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या घरात चूल पेटली नाही, तिला ठाऊक असतं. तुला तुझ्या मजल्यावरच्या माणसाचं नाव सांग बघू. तू देव टाकलास आणि देवाबरोबर माणसंही टाकलीस. आणि आता रिकामं वाटतंय म्हणतोस!

दुसरा उलट टोकाचा. याने टाकलेला देव नवं नाव देऊन परत आणला. बुद्धाला उदबत्ती, बाबासाहेबांना नारळ, परीक्षेआधी नवस. जयंतीला डीजेचे दीड-दोन लाख, आणि त्याच वस्तीत वाचनालयाच्या बल्बला पैसे नाहीत. पुतळ्याला हात जोडले की याचं काम संपलं. बाबासाहेब याच्यासाठी आता विचार करतात, हा फक्त नाचतो.

एकाने कोनाडा रिकामा ठेवला, दुसऱ्याने त्यात मूर्ती बसवली. पणजीने पाटी ठेवली होती, हे दोघेही विसरले.

डावे दोस्त म्हणतील, धर्म म्हणजे अफूच, कशाला त्या वाटेला जाता? पण मार्क्सने १८४४ साली ते लिहिलं तेव्हा धर्माला दडपलेल्या माणसाचा उसासाही म्हटलं होतं, हे ते सांगत नाहीत. अफूची गोळी काढून घेतलीत; दुखणं कुणी बरं करायचं? २० नोव्हेंबर १९५६ ला, मरणाच्या सोळा दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूला जाऊन हाच वाद बोलले. बुद्ध की मार्क्स? गरिबी जायला हवी, यावर त्यांचं भांडण नव्हतं. दंडुका उचलला की व्यवस्था बदलते. पण दंडुका खाली ठेवल्यावर माणसाला माणसाशी नीट वागवणार कोण, हा त्यांचा सवाल होता. सत्ता उलटल्यावरही हा सवाल शिल्लक राहतो. सरकार धर्मनिरपेक्ष झालं तरी राहतो. १९७६ ला घटनेच्या सरनाम्यात शब्द घातला गेला. म्हणून शेजाऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला का?

पाण्यावरून आठवलं. सिद्धार्थाने घर का सोडलं, ही गोष्ट शाळेत कशी शिकवतात? म्हातारा बघितला, आजारी बघितला, प्रेत बघितलं, आणि राजपुत्राला जगण्याचा वीट आला. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत याने म्हातारा माणूसच बघितला नव्हता? बाबासाहेबांना ही गोष्ट पटली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ ला निघालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी दुसरी गोष्ट मांडली. शाक्य आणि कोलीय, दोन शेजारी गण. मध्ये रोहिणी नदी. पाण्यावरून भांडण पेटलं. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं. सिद्धार्थ उभा राहिला, म्हणाला, युद्ध नको. संघ ऐकेना. घरादारावर शिक्षा येऊ नये म्हणून त्याने स्वतःच देश सोडला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. पहिल्या गोष्टीतला माणूस एकटा आहे. त्याचा सवाल, मी मरणार, मग माझ्या जगण्याचा अर्थ काय? फ्लॅटमधल्या गृहस्थाचा सवाल हाच. दुसऱ्या गोष्टीतल्या माणसापुढे दोन गावं आहेत, एक नदी आहे, उपसलेली शस्त्रं आहेत. त्याचा सवाल, हे पाणी सगळ्यांना कसं पुरेल? बाबासाहेबांनी बुद्धाच्या शोधाची सुरुवात पाण्याच्या भांडणापाशी ठेवली. चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे बरोबर दिसलं. त्याच ग्रंथात ते सांगतात, की माणूस अगदी एकटा असेल तर त्याला धम्माची गरजच नाही. दोघे झाले की धम्म लागतोच, तुम्हाला आवडो न आवडो.

माझं म्हणणं एवढंच आहे. अर्थ ही वस्तू देवाच्या खिशात नव्हती, म्हणून देवाबरोबर ती गेलीही नाही. अर्थ दोन माणसांच्या मध्ये असतो. आत कितीही खणलं तरी तो सापडायचा नाही.

कुणी म्हणेल, ही झाली युनियनबाजी. आई मेल्यावर, पोर गेल्यावर रात्री जे पोटात कालवतं, त्याला तुझ्याकडे काय उत्तर? बुद्धाकडे किसा गोतमी आली होती. मेलेलं पोर कडेवर घेऊन. जिवंत करा म्हणाली. बुद्धाने तिला मोहरी आणायला पाठवलं, पण ज्या घरात कुणी मेलं नाही त्याच घरातून. ती दारोदार फिरली. मोहरी सगळीकडे होती, तसलं घर कुठेच नव्हतं. लोक या गोष्टीतून 'मरण कुणाला चुकत नाही' एवढंच काढतात. मला त्यातली दारं दिसतात. प्रत्येक दार उघडलं. प्रत्येक घराने तिला आपलं मेलेलं माणूस सांगितलं. ती गेली एकटी, आली गावाचं दुःख घेऊन. आता विचार करा, ही बाई आपल्या वस्तीतली असती आणि गाव आपलं असतं, तर किती दारं उघडली असती? जिथे दारच उघडत नाही तिथे कसली मोहरी आणि कसलं सांत्वन! म्हणून दार उघडणं हा पहिला धम्म. बाकी सगळं नंतर.

मी जिथे राबतो तिथलं सांगतो. आमच्या गोदीत १४ एप्रिल दोनदा येते. एक बाबासाहेबांची. दुसरी १९४४ ची. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी देशभर त्या दिवशी अग्निशमन दिन पाळतात, पाळायलाच हवा. पण एकूण माणसं किती मेली याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे. विटांचा हिशोब ठेवणारे होते. हमालाचा हिशोब कोण ठेवणार?

तेव्हाची गोष्ट तेव्हा गेली म्हणता? १९४८ ला कायदा झाला, गोदी कामगाराची नोंद सुरू झाली, लढून झाली. आज आम्ही ठेकेदाराची माणसं. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाळीत बोटीतून लोखंडी पाईपांचा भारा उचलताना वायर तुटली. खाली एक पोरगा होता, बिहारकडचा. जागेवर गेला. संध्याकाळी कळलं, त्याचं नाव हजेरीच्या वहीतच नाही. तेव्हा १९२३ चा भरपाईचा कायदा होता. पण मेलेला माणूस आपला कामगार होता हे आधी सिद्ध व्हावं लागतं. वहीत नाव नाही म्हणजे तो मेलाच नाही. मुळात तो नव्हताच!

आमच्या टोळीत एक माळकरी आहे, दोन मुसलमान, एक यादव, आम्ही तिघं बौद्ध आणि एक कशातच नसलेला मल्याळी. कुणी कुणाला विचारलं नाही, तुझा देव काय म्हणतो. सगळे क्रेनखाली बसले. नाव लिहा, मग माल हलेल. बोट उभी राहिली की तिचं भाडं चढतं. तीन तासांत वही आली. मेलेल्या पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, पाळी, सगळं आमच्यासमोर लिहिलं गेलं. मल्याळ्याने दोनदा वाचून घेतलं. घरच्यांची केस अजून चालू आहे. पण ती उभी आहे त्या एका ओळीवर.

त्या तीन तासांत कुणाला आयुष्य अर्थशून्य वाटलं नाही. वाटलं असतं तर बाजूच्याने कोपराने ढोसलं असतं.

आणि हे उलट्या बाजूनेही खरं आहे. रोहित वेमुला हैदराबादच्या विद्यापीठात संशोधन करत होता. तो आणि त्याचे चार दोस्त, पाचांना वसतिगृहातून काढलं. आवारातच उघड्यावर त्यांनी डेरा टाकला आणि त्याला वेलिवाडा म्हटलं, म्हणजे तेलुगूत आपला महारवाडा. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याचं पत्र देशाने वाचलं. विज्ञानावर आणि ताऱ्यांवर जीव असलेला पोरगा होता तो. देव नाही म्हणून तो पोकळ झाला, असं सांगणाऱ्या पंडिताने तोंड उघडू नये. त्याच्यावर दारं बंद केली होती, माणसांनी, सहीशिक्क्यानिशी. म्हणून म्हणतो, पोराला रात्री दोन वाजता 'कशातच अर्थ नाही' वाटतं तेव्हा ते दुखणं त्याच्या एकट्याचं समजू नका. आधी त्याच्या खोलीवर जा. दार वाजवा. त्याला चहाला खाली आणा. तत्त्वज्ञान चहा झाल्यावर.

मग करायचं काय? माझ्याकडे जाहीरनामा नाही. हाताला येईल एवढं सांगतो. विहाराला कुलूप नको. तिथे रात्रीचा अभ्यास चालू द्या, बल्ब तुम्ही लावा. एक वही ठेवा. वस्तीत ठेकेदारीवर कोण कुठे राबतो, गटारात कोण उतरतो, कुणाची हजेरी लागत नाही, ते त्यात लिहा. जयंतीच्या वर्गणीतून आधी वहीचा आणि वकिलाचा खर्च काढा. उरलं तर वाजवा, मीही नाचीन. ज्यांना वंदना म्हणायची त्यांनी म्हणावी, ज्यांना नको त्यांनी बाहेर बसून फॉर्म भरून द्यावेत. म्हातारीला हसायचं नाही. आणि बुद्धापुढे हात जोडून मागायचंही नाही. तो देणारा नाही, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ६५ लाखांवर होतो. येत्या जनगणनेत किती होऊ, यावर भाषणं होतील. मी दुसरी मोजणी मागतो. यातल्या किती जणांना रात्री-बेरात्री एकमेकांचं दार वाजवता येतं? तो आकडा वाढवा. देव आपण टाकलेत. ते परत आणायचे नाहीत आणि त्यांच्या नावाने रडायचंही नाही. त्यांची जागा माणसाने भरायची आहे, आणि माणूस बाजूच्याच खोलीत आहे.

जय भीम!

— एक गोदी कामगार, मुंबई